विषय मिळालाय, प्रश्न अजून मिळायचाय

धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणारी, एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक वाचक लिहिते : तिसऱ्या सत्राचा संशोधन प्रकल्प दिवाळीच्या सुट्टीआधी जमा करायचा आहे आणि हातात जेमतेम सहा आठवडे उरलेत. विभागाकडून मिळालेला विषय 'खानदेशातील कानबाई उत्सव : एक अभ्यास'. श्रावणात घरी कानबाई, म्हणजे खानदेशातली लोकदेवी, बसली तेव्हा आजीनं आणि गल्लीतल्या बायांनी म्हटलेली बारा गाणी तिनं मोबाईलवर रेकॉर्ड केली आहेत. लायब्ररीतून झेरॉक्सचा गठ्ठाही आणलाय. पण प्रस्तावनेचं पहिलं पान काही पुढे सरकत नाही. लिहिलं की खोडावंसं वाटतं. 'घरी आम्ही अहिराणी बोलतो, माझी मराठी प्रकल्पाच्या लायकीची नाही,' असं तिचं म्हणणं. सरांना विचारायची भीती वाटते. मामाचा मुलगा सांगतो, एआयला सांग, दहा मिनिटांत चाळीस पानं देईल. मैत्रिणी म्हणतात, टायपिंगच्या दुकानात मागच्या वर्षीचा तयार प्रकल्प मिळतो, फक्त नाव बदलायचं. घरात लॅपटॉप नाही, दसऱ्यानंतर कापूस वेचणी जोरात सुरू होईल, आणि ही वही घेऊन बसली की आई विचारते, "काय लिखी ऱ्हायनी एवढं?" तिचा प्रश्न एकच : सुरुवात कुठून करू?

पोरी,

तुझं पत्र सावकाश वाचलं. चार पानी पत्र, खाडाखोड नाही, आणि अडचण काय आहे ते पहिल्या पानावरच कळतं. तेव्हा 'मला लिहिता येत नाही' हे तुझं म्हणणं आपण बाजूला ठेवू. त्याच्या उलट पुरावा तू स्वतःच पाकिटात घालून पाठवला आहेस.

पत्रात प्रस्तावनेबद्दल तू बरंच लिहिलंस. खरं सांगते, ते वाचताना मला जांभई आली. पण तिसऱ्या पानावर जाता जाता तू एक गोष्ट सांगून गेलीस. रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादासाठी, गहू मोजताना आजी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ टाकत होती. काकांची झाली, भावाची झाली, सुरतेला कामाला असलेल्या चुलतभावाची झाली, पाळण्यातल्या बाळाचीही झाली. तू विचारलंस, "आणि माझी?" आजी म्हणाली, "पोरीसनी मूठ धरतस नही, त्या परक्या घरन्या." आणि पुढे तू लिहितेस, 'मग रात्री तिनं जे गाणं म्हटलं त्यात तर सगळं लेकीचंच होतं.' एवढं लिहून तू पुन्हा प्रस्तावनेकडे वळलीस. अगं, तिथंच थांबायचं होतं!

तुझी समजूत अशी आहे की तुझ्याकडे सामान भरपूर आहे आणि फक्त लिहिणं जमत नाही. मला वेगळं दिसतं. तुला विषय मिळालाय, प्रश्न मिळालेला नाही. 'कानबाई उत्सव : एक अभ्यास' यावर चाळीस पानं लिहायला बसलेला विद्यार्थी काय करतो, हे मी ढिगानं पाहिलंय. पहिली पाच पानं खानदेश हे नाव कुठून आलं यावर. मग तापी, गिरणा, पांझरा, सातपुडा. मग 1906 साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. मग तालुके, पिकं, लोकसंख्या, खाद्यपदार्थ. त्यात भरीत हमखास. त्यानंतर आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पोळ्यापर्यंत सगळे सण. कानबाई येते पंचविसाव्या पानावर, आणि तोवर लिहिणाराही दमलेला असतो. परीक्षक ही पानं वाचत नाहीत, उलटतात. तू पहिल्या पानावर अडकलीस याचं मला वाईट वाटत नाही, कारण तुझ्या हाताला बहुतेक कळलंय की या पानाला काही काम नाही.

आता आजीच्या त्या सुपाकडे बघ. मुठी मोजताना कुणाला धरतात आणि कुणाला वगळतात? आणि त्याच रात्री म्हटलेल्या गाण्यांत कोणती नाती येतात, लेक, सून, माय, भाऊ, नणंद? विधीत जी माणसं मोजली जातात तीच गाण्यात दिसतात का, की विधी एक सांगतो आणि गाणं दुसरंच? हा प्रश्न आहे. याचं उत्तर मला ठाऊक नाही, तुलाही नाही, म्हणूनच तो चांगला. आणि तुझ्याकडे जे आहे त्यातून, सहा आठवड्यांत, एकटीनं शोधता येईल एवढ्या मापाचा तो आहे. बारा गाणी हातात आहेतच. वर भाऊबंदांतली आणि गावातल्या दुसऱ्या कुळांतली मिळून पाच-सहा घरं गाठायची आणि प्रत्येक घरी तेच विचारायचं : रोटांचं धान्य कसं मोजता, कुणाच्या नावानं मोजता, सासरी गेलेल्या लेकीला रोट देता का? बऱ्याच घरांत रोट कुळाबाहेर देत नाहीत. मग लेक कुळातली की बाहेरची, याचं उत्तर त्या घरानं ताटावर दिलेलंच असतं. घराघरांत रीत वेगळी निघेल. ती वेगळी निघाली की घाबरू नकोस, तो फरक म्हणजेच तुझं दुसरं प्रकरण.

पत्रात तू आणखी दोन वाटा सुचवल्यास. एक, गाण्यांच्या भाषेचा अभ्यास. दुसरी, सुरतेत राहणारे खानदेशी लोक कानबाई कशी करतात. दोन्ही चांगल्या. पण भाषेच्या अभ्यासाला व्याकरणाची जी तयारी लागते ती सहा आठवड्यांत उभी राहायची नाही. सुरतेच्या विषयाला सुरतेला जावं लागेल, तेही कानबाईच्या दिवसांत, आणि ते दिवस या वर्षी निघून गेले. तुझ्यासारख्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, की विद्यापीठाचं वेळापत्रक आणि सणांचं पंचांग एकमेकांना विचारून ठरत नाही. आखाजीवर लिहिणाऱ्याचा प्रकल्प जमा करायची वेळ नेमकी आखाजीच्या तोंडावर येते. म्हणून आधी बघायचं की कोणतं साहित्य आपल्या मुदतीत मिळू शकतं, आणि प्रश्न त्यातून निवडायचा. शिवाय नव्या रचनेत तिसऱ्या सत्राचा प्रकल्प 4 श्रेयांकांचा आहे आणि चौथ्याचा 6. आज जे बाजूला ठेवशील ते पुढच्या सत्रात कामाला येईल. भाषेचा भाग तेव्हासाठी राखून ठेव.

'आधी सगळं वाचून होऊ दे, मग लिहीन' हे वाक्यही तुझ्या पत्रात आहे, आणि ते फार सोज्वळ दिसतं म्हणून मला त्याचा संशय येतो. प्रश्न नसताना वाचलं की सगळंच महत्त्वाचं वाटतं. त्यातूनच तो झेरॉक्सचा गठ्ठा होतो. आता गठ्ठा उघड, आणि एकेका पानाला विचार : विधीत कुणाला मोजतात किंवा गाण्यात कोण येतं, याबद्दल तू काही सांगतोस का? नसेल सांगत तर ते पान खाली. दोन-तृतीयांश गठ्ठा बाजूला पडेल आणि तुला हलकं वाटेल. जे उरेल त्याच्या टिपा काढ, आणि प्रत्येक टिपेशेजारी पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक त्याच क्षणी लिही. 'नंतर लिहीन' म्हणणाऱ्यांचे शेवटच्या आठवड्यात जे हाल होतात ते बघवत नाहीत. झेरॉक्स काढतानाची एक युक्ती सांगते : मजकुराच्या पानांआधी पुस्तकाचं शीर्षकाचं पान आणि त्याच्या मागची बाजू, जिथं प्रकाशक आणि साल असतं, यांचा मोबाईलवर फोटो घ्यायचा. संदर्भसूची त्यातूनच होते.

वाचायचंच असेल तर लांब जायला नको. तू कॉलेजसाठी धुळ्याला येतेसच. राजवाडे संशोधन मंडळ तिथंच आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले आणि त्यांच्या मागे ही संस्था उभी राहिली. तिथं नुसतं 'कानबाईवर काही आहे का' असं विचारू नकोस, आपला प्रश्न एका वाक्यात सांग. ग्रंथपालाला त्यावरूनच कपाट सुचतं. 1880 सालचं मुंबई इलाख्याचं खानदेश गॅझेटियर इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजी जड आहे, पण सण आणि जातीजमातींवरची पानं तेवढी चाळ. ते वाचताना ध्यानात ठेव की तेव्हाचा खानदेश म्हणजे आजचे धुळे, नंदुरबार आणि जळगाव मिळून एकच जिल्हा होता. 1906 आणि 1998 ही सालं इथं एका तळटीपेत उपयोगी पडतील, पाच पानांच्या इतिहासात नाही. पूर्वी या विषयाजवळ कुणी पीएच.डी. केली आहे का ते 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात बघ. त्यातली संदर्भसूची वाचायची, अख्खा प्रबंध नाही.

सरांचं बोलू. 'सर रागावतील' असं तू लिहितेस, पण ते कधी रागावले असं एकही उदाहरण पत्रात नाही. मार्गदर्शकाकडे रिकाम्या हातानं गेलं आणि 'सर, कसं करू?' विचारलं की कोणताही सर वैतागतो. वर्गातली वीस पोरं तेच विचारत असतात. तू अर्धं पान लिहून ने. वर तुझा प्रश्न दोन-तीन वाक्यांत, खाली हातात काय आहे (बारा गाणी, कुठं आणि कधी रेकॉर्ड केली), त्याखाली काय मिळवायचं आहे (पाच-सहा घरांच्या मुलाखती), आणि शेवटी दोन शीर्षकं, त्यातलं एक त्यांनी निवडायचं. 'कानबाईच्या रोटांची मोजणी आणि गाण्यांतील स्त्री-नाती : एका गावाचा अभ्यास' असं काहीतरी. सर मराठीचे आहेत, ते विचारणार, 'यात साहित्य कुठं आहे?' तेव्हा गाणी केंद्रस्थानी आहेत आणि विधी त्यांना लावून बघितलाय, हे सांगायची तयारी ठेव. शीर्षक विभागात आधीच नोंदवलेलं असेल आणि बदलता येत नसेल तरी बिघडत नाही. मोठं शीर्षक तसंच राहू दे आणि पहिल्या प्रकरणात 'व्याप्ती आणि मर्यादा' या मथळ्याखाली आपला प्रश्न स्पष्ट मांड. पण बदलाची शेवटची तारीख कोणती, हे त्याच भेटीत विचारून घे. पानांचा आकडा, फॉन्ट, संदर्भ लिहायची पद्धत, प्रती किती, हेही. या गोष्टी दर विभागात वेगळ्या असतात आणि मैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर चालायच्या नाहीत.

आता गाणी, खरं काम तिथं आहे. बायांचं सामूहिक गाणं कागदावर उतरवायला वेळ लागतो, पाच मिनिटांच्या गाण्याला तास सहज जातो. ढोलकी, मध्येच कुणाचं तरी रडणारं पोर, दोघींनी एकदम म्हटलेल्या दोन वेगळ्या ओळी. एस.टी.त जाता-येता कानाला इअरफोन लावून नुसतं ऐक. घरी आल्यावर उतरवणं सोपं जाईल. जिथं शब्द लागत नाही तिथं जागा सोड आणि आजीपाशी बस. ती गाणं पुन्हा म्हणेल तेव्हा ओळ बदलेलही. पहिली चूक आणि दुसरी बरोबर असं धरायचं नाही, दोन्ही लिहायच्या आणि कोणती कधी म्हटली ते टिपायचं. प्रत्येक गाण्यावर चार गोष्टी पाहिजेतच : कुणी म्हटलं, त्यांचं वय आणि माहेर, कोणत्या तारखेला, आणि विधीच्या कोणत्या वेळी, म्हणजे गहू दळताना, कानबाई बसवताना, रात्री जागताना की सकाळी विसर्जनाला निघताना. माहेर विचारायला विसरू नकोस. गाणी माहेराहून येतात, आणि तुझा प्रश्नच लेकींबद्दल आहे.

गाणी लिहिताना ती सुधारायची नाहीत. 'डोया' म्हटलं असेल तर 'डोया'च लिही, 'डोळा' करू नकोस. 'मना भाऊ'चा 'माझा भाऊ' करू नकोस. अहिराणी देवनागरीत लिहिताना काही उच्चार नेमके बसत नाहीत, तेव्हा एक पद्धत ठरव, ती सुरुवातीला दोन ओळींत सांग आणि शेवटपर्यंत पाळ. शेजारी प्रमाण मराठीत अर्थ दे. ज्यांची गाणी घेतलीस त्या प्रत्येकीला विचार, 'तुमचं नाव छापू का?' एखादी नको म्हणेल, तिचं नाव गाळ आणि फक्त वय आणि गाव ठेव. तू विचारलंस, आजीचं नाव ऋणनिर्देशात घातलं तर चालेल का. तिथं सगळेच आईवडिलांचं आणि प्राचार्यांचं घालतात. आजीचं नाव निवेदकांच्या यादीत पहिलं येऊ दे, तिनं म्हटलेल्या गाण्यांच्या क्रमांकांसह.

आणि ती भाषेची भीती. घरी अहिराणी बोलते म्हणून मागे आहे, असं तुला वाटतं. या प्रकल्पापुरतं तरी ते उलटं आहे. वर्गातल्या पुण्या-नाशिकच्या मुलीला ही गाणी कळायला दुभाषा लागला असता. या भाषेची अभ्यासकांनी दखल घ्यायला सुरुवात केली तीही आजकालची नाही. 1907 साली ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीला, म्हणजे तुझ्या अहिराणीलाच, भिल्ली भाषांशेजारी स्वतंत्र जागा मिळाली आहे. ती मांडणी पटते की नाही हा वादाचा मुद्दा आहे, पण आपल्या बोलीला लाजायचं कारण त्यात सापडत नाही.

प्रकल्पाची मराठी म्हणजे जड मराठी, ही समजूत तुझी एकटीची नाही. आम्ही मास्तर मंडळींनीच ती पसरवली. तू पाठवलेलं पहिलं वाक्य असं आहे : 'प्रस्तुत संशोधनपर प्रकल्पाच्या अनुषंगाने कानबाई या लोकदैवताच्या उत्सवाचे सांस्कृतिक अनुबंध अधोरेखित करण्याचा एक अल्पसा प्रयत्न करण्यात आलेला आहे.' यात कोण काय करतंय ते सांगता येईल? मी सांगू शकले नाही. हेच असं लिही : 'कानबाईच्या रोटांसाठी धान्य मोजताना घरातल्या कोणाला धरतात आणि त्या रात्रीच्या गाण्यांत कोणती नाती येतात, याची तुलना या प्रकल्पात केली आहे.' साधं आहे, प्रमाण आहे, आणि सरांना कळेल. अडलीस तर मोबाईल समोर ठेव, त्या परिच्छेदात काय सांगायचंय ते अहिराणीत मैत्रिणीला सांगितल्यासारखं बोल, रेकॉर्ड कर, आणि ऐकून मराठीत लिही. शुद्धलेखन शेवटी कुणाकडून तरी तपासून घेता येतं. न सांगितलेली गोष्ट मात्र कुणालाच तपासता येत नाही.

प्रस्तावना आत्ता लिहूच नकोस. सर्वांत आधी ते एक गाणं घे, आजीनं मुठी मोजल्या त्या रात्रीचं. ते उतरव, अर्थ लिही, आणि त्यात तुला काय दिसलं ते पानभर लिही. मग दुसरं. ही पानं तुझ्या तिसऱ्या प्रकरणाची आहेत, पण लिहायची पहिली. घरांची माहिती आली की दुसरं प्रकरण. पद्धत, म्हणजे काय केलं, कुठं केलं, कुणाला विचारलं, हे तर डायरीतून उतरतं. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, कारण आत काय आहे ते तोवर तुला कळलेलं असेल.

मामाच्या मुलाचं आणि त्या दुकानाचं. तयार प्रकल्प घेण्यात पकडले जाण्याची भीती आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत प्रबंधांसाठी दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे. 10 ते 40 टक्के असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, 40 ते 60 ला वर्षभर बंदी, आणि त्यावर गेलं तर नोंदणीच रद्द. तुझ्या विभागात तपासणी कशी होते ते सरांना विचार. पण मी हे भीतीसाठी सांगत नाही. तो मागच्या वर्षीचा प्रकल्प कानबाईवर असला तरी त्यात तुझ्या गल्लीतलं एकही गाणं नसणार. आणि एआय? त्याला कानबाईवर चाळीस पानं माग, देईल. त्यात नसलेल्या पुस्तकांची नावं, नसलेली पानं, कुणीच न म्हटलेली गाणीसुद्धा येतील, आणि इतक्या सफाईनं येतील की तुलाच खरी वाटतील. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी 'हे गाणं कुणी म्हटलं?' एवढं विचारलं की संपलं. मोबाईलवरच्या मराठी व्हॉइस टायपिंगचा मात्र जरूर उपयोग कर, लॅपटॉपची अर्धी अडचण तिथं सुटते. अहिराणी त्याला समजत नाही, गाणी हातानंच टाइप करावी लागतील. शुद्धलेखनाला किंवा शब्द सुचवायला एआय चालेल का, हे विभागाच्या नियमावर सोड, आणि वापरलंस तर तसं सांग.

वेळेचं गणित तू 'रोज चार तास' असं मांडलंस. कागदावर छान आहे. 4 श्रेयांकांचा प्रकल्प म्हणजे साधारण 120 तासांचं काम धरतात, म्हणजे हिशोब चुकलेला नाही. पण वेचणीच्या दिवसांत रात्री आठला घरी आल्यावर चार तास कोण लिहिणार? पाठ मोडलेली असते. म्हणून आठवडे सारखे वाटू नकोस. दसऱ्याआधीचे दिवस जड कामाचे ठेव : सरांची भेट याच आठवड्यात, गाणी उतरवणं आणि घरांच्या भेटी त्याला लागूनच. नवरात्रात बाया सापडतात आणि गाण्याच्या मूडमध्येही असतात. वेचणी लागली की रोज एकच तास, पहाटे किंवा रात्री, आणि त्यात फक्त आदल्या दिवशीचं पान दुरुस्त करून नवं एक पान. शेवटचा अख्खा आठवडा लिखाणाला धरायचाच नाही. तो टायपिंग, प्रूफ आणि बाइंडिंगचा. त्या दिवसांत डीटीपीवाल्याकडे अख्खं कॉलेज उभं असतं. त्याला आधीच सांगून ठेव की युनिकोडमध्येच टाइप करायचं. जुन्या फॉन्टमधली फाइल तुझ्या मोबाईलवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात आणि प्रूफ वाचता येत नाही. पहिली दहा पानं झाली की लगेच मागवून तपास. एकदम चाळीस पानांचं प्रूफ अंगावर घेऊ नकोस.

आईच्या प्रश्नाचा तुला राग येतो. पण 'काय लिखी ऱ्हायनी एवढं?' याचं उत्तर तू दिलं आहेस का? पत्रावरून वाटत नाही. तिला तारीख सांग : अमुक तारखेला हे द्यायचं आहे, त्याचे इतके मार्क आहेत, आणि त्या आधीचे आठ दिवस मला शेतावरून सुट्टी पाहिजे. 'अभ्यास आहे' हे घराला रोजच ऐकू येतं, तारीख ऐकू आली की घर हिशोब करतं. आणि आईलाच विचार की तिच्या माहेरी मुठी कशा मोजायच्या. तेही एक घर झालं की!

हा सदरातला कागद बाकीच्यांसाठीही आहे म्हणून थोडं त्यांच्याकडे वळते. रावेरच्या एका विद्यार्थ्यानं मागे 'जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादन : एक अभ्यास' हा विषय घेऊन हेच रडगाणं पाठवलं होतं. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, इथपासून त्याला सगळं लिहायचं होतं. त्याच्या घरी मात्र रोज संध्याकाळी एकच चर्चा : बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव काय निघाला आणि आपल्याला काय मिळाला. त्या दोन आकड्यांत फरक का पडतो, हा प्रश्न त्याच्या बापाच्या तोंडी होता आणि तो पुस्तकात विषय शोधत होता. अर्थशास्त्र असो, भूगोल असो, आपल्या घरात किंवा गल्लीत कोणत्या गोष्टीवर लोक थांबतात, वाद घालतात, गप्प होतात, तिथं आधी बघा. आणि सापडलेल्या प्रश्नाला तीन चाळण्या लावा : त्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही ना, ते शोधायचं साहित्य मुदतीत हाती येईल ना, आणि आपल्या विषयाचे सर त्याला आपला विषय म्हणतील ना. तिसरी चाळणी अनेक जण विसरतात आणि सुंदर काम चुकीच्या विभागात नेऊन देतात.

शेवटी तोंडी परीक्षेचं, कारण तिची धास्ती तू ताज्या कलमात लिहिलीस. बाहेरचे परीक्षक साधारण हेच विचारतात : हाच विषय का, काय केलं, काय सापडलं, काय राहिलं. 'काय राहिलं' याला 'काही नाही' म्हणू नकोस. एकाच गावात काम केलं, सुरतेची कानबाई राहिली, दुसऱ्या कुळांची गाणी कमी मिळाली, हे सरळ सांग. रेकॉर्डिंगच्या फाइलींना आजच नावं दे : गाण्याचा क्रमांक, गाणारीचं नाव, तारीख. त्यांची एक प्रत ईमेलवर आणि एक मैत्रिणीच्या फोनमध्ये ठेव, मोबाईल पाण्यात पडायला वेळ लागत नाही. परीक्षेच्या दिवशी गाणं क्रमांक एक उघडून तयार ठेव, फोन चार्ज केलेला असू दे, आणि परीक्षकांनी ऐकायला मागितलं तर आवाज पूर्ण वाढव.